एनॉक थ्रेलफॉलने मान हलवली

एनॉक थ्रेलफॉलने हेप्सीला लग्नाचं विचारलं, ते चारशे बायकांनी पाहिलं. ऐकलं मात्र कोणीच नाही.

क्लेगशॉच्या गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. हजार साचे एकदम धडधडू लागले की कानाशी येऊन किंचाळलं तरी समोरचीला नुसती फुंकर लागायची. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलत. तोंड मोठं उघडायचं, एकेक अक्षर ओठांवर नीट घडवायचं, आणि घशातून आवाज काढायचाच नाही. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची गाऱ्हाणी सांगायची आणि मधल्या साठजणी ती वाचायच्या. गिरणी सुटल्यावरही ही सवय सुटत नसे. क्लेगशॉची माणसं रस्त्यात, दुकानात, घरातसुद्धा एकमेकांकडे तोंड करून, ओठ ताणूनच बोलायची.

तर एनॉक, वीस वर्षांचा, चार साच्यांपलीकडून ओठांनी म्हणाला, "शनिवारी मॅच जिंकलो तर माझ्याशी लग्न करशील?"

हेप्सीने तुटलेला धागा गाठला, धोटा जागेवर ठेवला आणि मग वर पाहिलं. "आणि हरलात तर?"

"तर पुढच्या शनिवारी विचारीन."

तिच्या शेजारच्या साच्यांवर केझिया हिंडल होती. हेप्सीहून मोठी, लग्न झालेली, जिभेने तिखट. ती मध्येच म्हणाली, "पोरी, हो म्हणून टाक. याच्या टीमचा खेळ मी पाहिलाय. नाहीतर म्हातारी होशील."

सामना बरोबरीत सुटला. सोमवारी एनॉक साच्यापाशी येऊन ओशाळा उभा राहिला तेव्हा केझियाने विचारलं, "आता काय, अर्धं लग्न?" आणि सगळं खातं आवाज न करता हसलं. चारशे तोंडं उघडी आणि आवाज फक्त साच्यांचा. लग्न पुढे झालंच, आणि हेप्सीला आयुष्यभर आनंद म्हटलं की तेच दृश्य आठवायचं.

एनॉकचं फुटबॉलमधलं सगळं यश या ओठांच्या बोलीवर उभं होतं, हे बाहेरच्यांना कधी कळलंच नाही. तो मैदानाच्या मधोमध खेळायचा, सेंटर-हाफ. पायात फार वेग नव्हता. पण आठ हजार माणसं ओरडत असताना, जिथे दुसऱ्या संघांचे कप्तान घसा फोडून शेवटी हातवाऱ्यांवर यायचे, तिथे एनॉक शांतपणे तोंड उघडायचा आणि चाळीस यार्डांवरचा विंगवाला वाचून पळायला लागायचा. अकरापैकी नऊजण साचेखात्यातले. समोरच्यांना वाटायचं हा माणूस जांभया देतोय. एकदा बाहेरगावच्या पंचाने त्याला थांबवून दम दिला, "मला वेडावून दाखवतोस काय रे?" एनॉक म्हणाला, "नाही साहेब, मी आमच्या डाव्या हाफला सांगत होतो की पंचाचं लक्ष नाही." ती गोष्ट क्लेगशॉमध्ये दहा वर्षं चालली.

मग युद्ध आलं. एनॉक तोफखान्यात गेला.

एकोणीस साली तो परत आला तेव्हा हातपाय शाबूत होते. गल्लीत लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी हेप्सी अंगणात कपडे वाळत घालत होती, एनॉक चुलीपाशी उभा होता. तिने खिडकीतून हाक मारली, "दूध बघ रे, उतू जातंय!" तो हलला नाही. तिने परत हाक मारली. दूध उतू गेलं, निखाऱ्यांवर सांडलं, जळका वास सुटला, तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं.

ती आत आली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "कधीपासून?"

"सतरा सालापासून," तो म्हणाला. "फ्लँडर्स. डावा कान पार गेला. उजव्यात मधमाश्या आहेत." मग तिचं मनगट धरून म्हणाला, "कोणाला सांगू नकोस, हेप. क्लबला कळलं तर खेळू देणार नाहीत."

तिने सांगितलं नाही. आणि क्लेगशॉ हे जगातलं असं एकच गाव असेल, जिथे बहिऱ्या माणसाला बहिरेपण लपवता आलं. सगळं गावच तोंड मोठं उघडून बोलणारं. त्याला फक्त पाहत राहायचं होतं. तीन मोसम खेळला. गुडघा गेला तेव्हा क्लबच्या तेव्हाच्या अध्यक्षाने, जो स्वतः साच्यांवर वाढलेला होता, त्याला मॅनेजर केलं.

मॅनेजर म्हणजे पत्रं लिहायची, आगगाडीच्या जागा राखायच्या, मैदानावर चुन्याच्या रेघा ओढायच्या, खेळाडूंच्या अंघोळीच्या पाण्याचा बंब तापला का ते पाहायचं. संघ निवडायचे संचालक. पण म्हातारा अध्यक्ष निवडीच्या आधी एनॉककडे तोंड करून विचारायचा, "बोल पोरा, कोण?" आणि एनॉक सांगेल तोच संघ लागायचा.

दरम्यान रूबेन मोठा झाला होता. रूबेन म्हणजे केझियाचाच मुलगा. बाप लहानपणीच गेला, आई दिवसभर साच्यांवर, म्हणून हा हेप्सीच्या स्वयंपाकघरात वाढला, वजडी-कांद्याच्या वासात. एनॉकने त्याला मागच्या गल्लीत चिंध्यांचा चेंडू डोक्याने मारायला शिकवलं आणि ओठांनी मैदान चालवायलाही. पंचविसाव्या वर्षी रूबेन क्लेगशॉचा सेंटर-हाफ होता. घरी तो त्याला 'काका' म्हणायचा, मैदानावर 'मिस्टर थ्रेलफॉल'. एव्हाना संघात बहुतेक खेळाडू बाहेरचे होते, स्कॉटलंडचे, खाणीतले. त्यांना ओठ वाचता येत नसत. मैदानावर ती बोली बोलणारा रूबेन शेवटचा उरला होता.

आणि केझिया अंथरुणाला खिळली. घशाचं दुखणं. आधी आवाज बसला, मग गेलाच. जी बाई चारशे जणींना हसवायची ती आता खिडकीपाशी पडून नुसते ओठ हलवायची. डॉक्टर बाहेरचा, त्याला काही कळत नसे. रूबेन सकाळ-संध्याकाळ तिचं वाचायचा, पाणी हवं की उशी, आणि कधी कधी नुसत्या शिव्या.

त्या हिवाळ्यात मोठ्या क्लबांची माणसं रूबेनला बघायला येऊ लागली, तेव्हा तो एनॉककडे आला होता. हेप्सी तिथेच बटाटे सोलत होती.

"काका, मला विकू नका."

"कोण विकतंय तुला?"

"मोठा क्लब, मोठं नाव, सगळं कळतं मला. पण ती आहे तोवर नको. तिला तिकडे नेलं तर तिचं वाचणार कोण? शेजारपाजारी काय, नर्स काय, तिच्या तोंडाकडे बघून म्हणतील म्हातारी वेडी झाली."

एनॉकने हात पुढे केला. "मी आहे तोवर आणि ती आहे तोवर, नाही." त्यांनी हात मिळवले. हेप्सीच्या देखत.

असा शब्द घ्यावाच लागायचा. खेळाडूच्या नोंदणीचा कागद क्लबच्या कपाटात असतो. क्लबने विकलं की जायचं. नाही म्हटलं तर कागद कपाटातच राहतो आणि खेळाडू घरी बसतो, ना पगार, ना दुसऱ्या कुठे खेळायची मुभा.

म्हातारा अध्यक्ष वारला होता. त्याच्या जागी मिस्टर ऑर्मरॉड आले, बिअरच्या कारखान्याचे मालक. माणूस वाईट नव्हता. पण साचेखात्यात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, आणि त्यांना मिशा होत्या. वरच्या ओठावरून उतरून खालचा ओठही झाकणाऱ्या, भरघोस, पिवळट. बोलताना त्या मिशा जराशा थरथरायच्या, एवढंच.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी एनॉक बैठकीहून घरी आला, टोपी न काढता खुर्चीत बसला.

"काय झालं?" हेप्सीने विचारलं.

"मान हलवली."

"कशाला?"

"ते कुठे कळलं!" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ऑर्मरॉड खिडकीकडे पाठ करून बसलेले. तोंडावर अंधार, त्यात त्या मिशा. बराच वेळ बोलत होते. वकील सेगर मध्ये मध्ये बोलायचा, त्याचं वाचता येतं, दाढीमिशी नाही, कोर्टात बोलल्यासारखा बोलतो. पण तो नुसतंच 'बरोबर, बरोबर.' मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे मला काहीतरी विचारलं होतं."

"मग?"

"मग हलवली मान. ऑर्मरॉडनी पाठ थोपटली."

"एनॉक! विचारायचं ना परत!"

"काय विचारू? 'साहेब, मिशी वर करा' म्हणू?"

"उद्या जा आणि विचार."

"काल तुम्ही काय म्हणालात असं? मॅनेजरने?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "असेल काहीतरी. बंब नवीन घ्यायचा असेल."

बंब नव्हता.

शनिवारी हेप्सी मैदानावर गेली. ती फार वेळा जात नसे. पण चार दिवस ते 'मान हलवली' तिच्या छातीत अडकलं होतं. संचालकांच्या खुर्च्यांच्या खालच्या कठड्याशी ती शाल लपेटून उभी राहिली, मैदानाकडे पाठ करून. बाजूचा माणूस म्हणाला, "ताई, खेळ तिकडे आहे." ती म्हणाली, "माझा इकडे आहे."

वकील सेगरच्या शेजारी एक नवा पाहुणा होता, गुळगुळीत टोपीचा, दक्षिणेकडचा. सेगर त्याच्याकडे झुकून बोलत होता. ओठ स्वच्छ.

"तो मधला, उंच. हिंडल."

पाहुण्याने काही विचारलं.

"नाही, नाही, कुरबुर करणार नाही. मॅनेजरचीच संमती आहे. थ्रेलफॉल त्याला मुलासारखा मानतो. मंगळवारी बैठकीत विचारलं, त्याने लगेच मान हलवली. कागद सोमवारी संध्याकाळी तुमच्या हातात."

मागे मैदानावर काहीतरी झालं, आठ हजार माणसं ओरडली. हेप्सीने वळून पाहिलं नाही.

तिने एनॉकला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो न जेवता उठला. रविवारी सकाळी चॅपेलमध्ये गेले तोवर दोघांत एक शब्द नव्हता.

एनॉक गायकांत बसायचा, लोकांकडे तोंड करून. पूर्वी त्याचा आवाज चांगला होता. आता तो नुसते ओठ हलवायचा. हेप्सी समोरून तिसऱ्या रांगेत. नवा तरुण पाद्री नम्रतेवर प्रवचन देत होता. हेप्सीने मान वर केली आणि ओठांनी म्हणाली, "उद्या सकाळी ऑर्मरॉडकडे जा. सांग ऐकू आलं नव्हतं."

एनॉकने इकडेतिकडे पाहिलं. "प्रवचन चालू आहे."

"तुला काय फरक पडतो?"

"सांगितलं की नोकरी गेली."

"नाही सांगितलं की रूबेन गेला."

"बहिरा मॅनेजर कोण ठेवेल, हेप? मला दुसरं काय येतं? चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी. गुडघा नाही, कान नाही. एक ते मैदान आहे."

"आणि तू रूबेनला हात दिलास तो?"

"दुसरा काहीतरी मार्ग काढू."

"कोणता? परत मान हलवणार? या वेळी आडवी?"

"आपण माना लववूया," पाद्री म्हणाला. सगळ्या चॅपेलने माना लववल्या. पहिल्या चार रांगा आणि गायक मंडळी सोडून. ती मंडळी या दोघांकडे बघत होती. हेप्सीच्या एकदम लक्षात आलं, ही सगळी साचेखात्यातली माणसं. इथे कुजबूज कोणाला ऐकू गेली नसती. ओठांचं भांडण मात्र सगळ्यांनी वाचलं होतं. तिने घाईने मान लववली.

बाहेर पायऱ्यांवर टॅबिथाबाईने एनॉकला गाठलं. पंचाहत्तरीची, गायकांत एनॉकच्या पुढे बसणारी. त्याच्या कोटाचं बटण धरून ती म्हणाली, "पोरा, तू बहिरा आहेस."

एनॉक पांढरा पडला. "बाई, ते जरा..."

"जरा काय जरा? गावाला एकोणीस सालापासून माहीत आहे."

"कोणाला?"

"कोणाला नाही ते विचार. पावाच्या दुकानात रांगेत तुझ्या मागून कधी कोणी बोललंय? तू वळेपर्यंत थांबतात सगळे. पोस्टमन दार वाजवत नाही तुझं, खिडकीशी येऊन हात हलवतो. तुला काय वाटलं, त्याला वेड लागलंय?"

एनॉक हेप्सीकडे बघू लागला. हेप्सीने मान हलवली, नाही, मी नाही सांगितलं.

"मग कोणी बोललं का नाही?" त्याने विचारलं. आवाज मोठा झाला होता, त्याला कळलं नाही.

"बोलतोच की. नऊ वर्षं तुझ्याकडे तोंड करून बोलतोय."

"आणि ऑर्मरॉड? त्यांना माहीत आहे?"

"त्या बिअरवाल्याला?" टॅबिथाबाईने नाक मुरडलं. "त्याला कोण सांगणार? आपल्यातला थोडाच आहे तो!"

घरी जाताना एनॉक एकदाच बोलला. "सगळ्या गावाने झाकलं. ज्याला कळायला हवं होतं तो तेवढा राहिला." गल्लीच्या वळणावर थांबून म्हणाला, "उद्या जातो."

"मी येते."

"तू कशाला?"

"ऐकायला."

सोमवारी सकाळी बिअरच्या कारखान्यात मिस्टर ऑर्मरॉडनी हेप्सीला पाहून भुवया उंचावल्या. "मिसेस थ्रेलफॉल, आपण?"

"मी याचे कान आहे, साहेब," ती म्हणाली आणि खुर्ची एनॉकच्या समोर फिरवून बसली.

एनॉक उभाच होता. सैन्यात उभा राहायचा तसा. "साहेब, मंगळवारी तुम्ही मला काय विचारलंत ते मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही. सतरा सालापासून. मी मान हलवली ती लाजेखातर. मी रूबेन हिंडलला शब्द दिलाय, त्याची आई असेपर्यंत त्याला विकणार नाही. माझी मान परत घेतो."

ऑर्मरॉडनी पाइप टेबलावर ठेवला. बराच वेळ ते बोलले. हेप्सी ऐकत होती आणि एकेक वाक्य ओठांवर घेऊन एनॉककडे धरत होती.

"ते म्हणतात, त्यांना वाईट वाटतं. ते म्हणतात, सौदा झाला. हात दिला त्यांनी."

"मीही दिला होता," एनॉक म्हणाला.

ऑर्मरॉड खिडकीकडे बघत हळू म्हणाले, "मिसेस थ्रेलफॉल, मला फुटबॉलमधलं काय कळतं? मी त्या दिवशी त्यांच्यावरच सोपवलं होतं. तुम्ही नको म्हणालात तर त्या माणसाला परत पाठवतो, असंच म्हणालो होतो मी. नुसतं 'नको' म्हणाले असते तर."

हेप्सीचे ओठ थांबले.

"काय म्हणाले?" एनॉकने विचारलं.

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, नऊ वर्षं बघत आला तसा, पूर्ण विश्वासाने.

"म्हणाले, त्यांच्या हातात काही नव्हतं," तिने ओठांवर घडवलं. "तुझ्याही नव्हतं."

त्याने मान डोलवली. ऑर्मरॉडना वाटलं त्याला सांगितलं गेलं. ते घसा खाकरून पुढे बोलले, आणि हे वाक्य हेप्सीला टाळता येण्यासारखं नव्हतं. तिने हात मांडीवर घट्ट धरले.

"ते म्हणतात, जो बैठकीत ऐकू शकत नाही त्याच्यावर क्लब सोपवता येत नाही. ते म्हणतात, मोसम संपेपर्यंत. पाच आठवडे. मग दुसरा माणूस."

"दुसरा कोण?"

तिने ऑर्मरॉडना विचारलं. "अजून ठरलं नाही म्हणतात."

"रेघा ओढायला चुना ओला करून घ्यावा लागतो," एनॉक म्हणाला. "आदल्या दिवशी. नव्या माणसाला सांगा." आणि टोपी घालून बाहेर पडला.

हेप्सी दारात असताना ऑर्मरॉड म्हणाले, "मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं." त्यांचे डोळे खरंच ओले होते. ती म्हणाली, "हो साहेब. आम्ही सगळ्यांनी." आणि तीही निघाली.

तिथून दोघं तडक हिंडलांच्या घरी गेले. रूबेन आईला चमच्याने ओटची पेज भरवत होता. त्याला क्लबची चिठ्ठी सकाळीच आली होती. ती टेबलावर उघडी पडली होती.

एनॉकने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, खिडकीकडे पाठ, मिशा, मान. "माझ्या हातात काही नव्हतं असं म्हणत नाही," तो म्हणाला. "मान माझी होती."

रूबेनने चमचा वाटीत ठेवला. वाटी खाली ठेवली. "बहिरे आहात ते मला माहीत होतं, काका. युद्धावरून आलात तेव्हापासून माहीत होतं. मैदानावर मी तोंड एवढं का उघडायचो? तुम्हाला कडेला बसून वाचता यावं म्हणून." मग तो उठला. "भित्रा आहेस ते माहीत नव्हतं."

हेप्सीने त्याला एनॉकला 'तू' म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. एनॉकने ते वाचलं.

पलंगावर केझियाने बोटांनी चादर ओढली. सगळे तिच्याकडे वळले. "भांडू नका रे," तिचे ओठ म्हणाले, "मला पडल्या जागी दोन्हीकडे बघावं लागतं. मान दुखते." मग रूबेनकडे, "तू जा. घरी बसून माझी पेज किती दिवस ढवळशील? हेप्सी वाचेल माझं."

"वाचीन," हेप्सी म्हणाली.

"आणि तो?" केझियाने एनॉककडे हनुवटी केली. "त्याला आता काय काम? तो येऊन बसेल. आम्ही दोघं सारखीच. याला ऐकू येत नाही, मला बोलता येत नाही. चांगलं जमेल."

कोणी हसलं नाही. रूबेन मंगळवारच्या गाडीने गेला. एनॉक स्टेशनवर गेला नाही. त्याला बोलावलंही नव्हतं.

पाच आठवडे त्याने रेघा ओढल्या. मे महिन्यात त्याने किल्ल्या वकील सेगरकडे दिल्या आणि साचेखात्यात सूत वाहून नेण्याचं काम धरलं, ज्या खात्यात तो बाराव्या वर्षी लागला होता. रोज संध्याकाळी तो आणि हेप्सी केझियाकडे जात. एनॉक तिला पेपरमधला रूबेनच्या संघाचा निकाल वाचून दाखवायचा, फार मोठ्या आवाजात, ती ओठांनी म्हणायची, "ओरडू नको, मला ऐकू येतं." महिन्यातून एकदा रूबेनचं पत्र यायचं. त्यात हेप्सीला नमस्कार असे. एनॉकचं नाव नसे.

ऑक्टोबरमध्ये केझिया गेली. रूबेनला तार केली, पण त्याचा संघ दूर कुठे खेळायला गेला होता. तो एक दिवस उशिरा पोचला. काळा कोट, नवे बूट, दारातच उभा.

"शेवटी काय म्हणाली, काकू?"

हेप्सीने विचार केला. काही चांगलं रचून सांगता आलं असतं. "म्हणाली, खिडकी लाव, वारा येतो."

"बस?"

"बस. मी लावली."

त्याने मान डोलवली. दफनभूमीत एनॉक मागच्या रांगेत उभा होता. रूबेनने त्याच्याकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही, आणि परतीच्या गाडीला गेला.

जानेवारीत चषकाच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि रूबेनचा क्लब क्लेगशॉला खेळायला आला. सगळं गाव मैदानावर लोटलं. एनॉक गेला नाही. थ्रेलफॉलांचं घर मैदानापासून चार गल्ल्यांवर. शनिवारी दुपारी तिथला आवाज थेट मागच्या अंगणात येतो. एनॉक टेबलाशी बसला, समोर चहा. हेप्सी मागचं दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहिली, शाल डोक्यावरून. फुटबॉलचं तिला फार प्रेम नव्हतं, पण या मोसमात सामन्याच्या दर शनिवारी ती अशी उभी राहायची.

"सुरू झालं," तिने वळून सांगितलं.

काही वेळाने मोठा आवाज आला. "आपला," ती म्हणाली. एनॉकने बोट टेबलावर टेकवलं. एक.

चहा गार झाला. दार उघडं असल्याने खोलीत गारठा होता. मग एकदम सगळं थांबलं. इतकं, की शेजारच्यांचं कबुतर घुमताना ऐकू आलं.

हेप्सी थांबली. "त्यांचा झाला."

"कसं कळलं?"

"सगळे गप्प झाले."

ती परत बाहेर वळली. आणि त्या शांततेतून काहीतरी सुरू झालं, आधी एका कोपऱ्यातून, मग पसरत गेलं. तिला पटकन ओळखता आलं नाही, कारण प्रतिस्पर्ध्याच्या गोलवर क्लेगशॉत असं कधी होत नसे.

"काय?" एनॉकने विचारलं. तो तिच्या पाठीकडे बघत होता.

ती वळली. "टाळ्या वाजवतायत."

"कोण? त्यांचे लोक?"

"नाही. त्यांचे असून असून दोनशे असतील. सगळे वाजवतायत."

एनॉक तिच्या ओठांकडे बघत राहिला, अजून काही येईल म्हणून. मग त्याने कप दूर सरकवला, दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

"कॉर्नर असेल," तो म्हणाला, मोठ्या आवाजात. "डावीकडून. पोरगा नेहमी दोन पावलं मागे थांबतो, मग येतो. कोणाचं लक्ष नसतं."

"असेल," ती म्हणाली.

"अजून वाजतायत?"

हेप्सीने कान दिला. केव्हाच थांबल्या होत्या. खेळ पुढे सुरू झाला होता.

"नाही," ती म्हणाली. "थांबल्या."

त्याने मान डोलवली. मग उठून मागचं दार लावलं, कारण तिला थंडी वाजत होती.